परदेशी परवाना आणि आपले रस्ते

हिवाळ्यातील कोणत्याही सायंकाळी शिवोली-चोपडे पुलाच्या तोंडाशी घटकाभर उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. भाड्याच्या स्कूटरवर एक परदेशी जोडपे बसलेले असते. डोक्यावर हेल्मेट नाही, पायांत रबरी चपला, आणि स्कूटर मोरजी वा हरमलच्या दिशेने भरधाव निघालेली. हे दृश्य आता इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही वावगे आहे असे आम्हां गोमंतकीयांस वाटेनासे झाले आहे. फार तर नाक्यावरचा पोलीस हात दाखवितो, हेल्मेट नाही म्हणून तालांव देतो, पाहुणा पैसे भरतो आणि पुढे जातो. त्याच्यापाशी वाहन चालविण्याचा परवाना आहे काय, असल्यास तो कोणत्या वर्गाच्या वाहनाचा आहे, आणि तो या देशात ग्राह्य आहे काय, हे प्रश्न विचारण्याचे कष्ट बहुधा कोणी घेत नाही. स्कूटर भाड्याने देणारा घेत नाही आणि तालांव देणाराही घेत नाही. अपघात झाल्यानंतर मात्र हेच प्रश्न प्रथम विचारले जातात; पण तेव्हा उत्तर काहीही आले तरी रस्त्यात पडलेल्या माणसाला त्याचा उपयोग नसतो.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे आणि ती आपल्याच घरातील आहे. गोव्यातून, कोल्हापूर-बेळगावकडून, पुण्या-मुंबईहून परदेशी पर्यटनास जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. पूर्वी सहल कंपनीच्या बसमधून आल्प्स पर्वत पाहून परतणारी मंडळी आता विमानतळावरच मोटार ताब्यात घेतात आणि स्वतः चालवीत निघतात. व्हिएतनाममध्ये वा थायलंडमध्ये गेलेला तरुण पहिल्याच दिवशी स्कूटर भाड्याने घेतो. म्हणजे हरमलच्या रस्त्यावर जो प्रश्न आपण त्या परदेशी पाहुण्यास विचारावयाचा, तोच प्रश्न फुकेतच्या रस्त्यावर आपल्याला विचारला जाणार आहे. अशा वेळी या व्यवहाराचा मूळ पाया काय आहे हे नीट पाहिले पाहिजे.

एका देशातील चालकाने दुसऱ्या देशात वाहन चालवावे, यासाठी राष्ट्रांराष्ट्रांत करार होऊन शतकाहून अधिक काळ लोटला. पहिला करार पॅरिस येथे १९०९ साली झाला, दुसरा तेथेच १९२६ साली. आज प्रामुख्याने दोन करार व्यवहारात आहेत. १९४९ सालचा जिनिव्हा येथील आणि १९६८ सालचा व्हिएन्ना येथील. भारत हा जिनिव्हा कराराचा सदस्य आहे. आपल्याकडे परिवहन कार्यालयातून जो आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना मिळतो, तो याच करारान्वये. तो स्वतंत्र परवाना नव्हे हे पुष्कळांना ठाऊक नसते. मूळ भारतीय परवान्याची ती एक सर्वमान्य नमुन्यातील ओळखपत्रिका आहे. भाषांतर म्हटले तरी चालेल. मूळ परवाना घरी विसरून केवळ ही पुस्तिका घेऊन गेलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने परवान्याविनाच गेलेला असतो.

जिनिव्हा कराराच्या २४व्या कलमाचा आशय ध्यानात घेण्यासारखा आहे. सदस्य राष्ट्राने आपल्या भूमीवर आलेल्या परक्या चालकाची पुन्हा परीक्षा न घेता त्याला वाहन चालवू द्यावे, असे ते कलम सांगते. परंतु त्याला दोन अटी आहेत. चालकाने आपल्या देशात कौशल्याचा पुरावा दिल्यानंतरच त्याला परवाना मिळालेला असावा, ही पहिली. ज्या वर्गाच्या वाहनासाठी परवाना मिळाला, त्याच वर्गाचे वाहन त्याने चालवावे, ही दुसरी. सारा डोलारा या दोन अटींवर उभा आहे. एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राच्या परीक्षकावर ठेवलेला तो विश्वास आहे. आमचे म्हणणे असे की, पहिल्या अटीबाबत आपण परदेशांची फसवणूक करीत आहोत आणि दुसऱ्या अटीबाबत आपण स्वतःची फसवणूक होऊ देत आहोत.

पहिल्या अटीचे आधी पाहू. भारतात वाहन चालविण्याचा परवाना कसा मिळतो, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. काही ठिकाणी चाचणी कसोशीने घेतली जाते हे मान्य. पण दलालामार्फत अर्ज केला, मैदानात आठाचा आकडा काढला न काढला, आणि परवाना हाती पडला, असा अनुभव सांगणारे घरोघर आहेत. अशा परवान्यावर एक हजार रुपये शुल्क भरले की आंतरराष्ट्रीय पुस्तिका मिळते. तिच्यासाठी वेगळी चाचणी नाही, आणि करारानुसार ती नसावी हेही बरोबर. तिची मुदत एक वर्ष, किंवा मूळ परवान्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तोवर. २०२१च्या जानेवारीत केंद्र सरकारने आणखी सवलत दिली. परदेशात असताना पुस्तिकेची मुदत संपली तर तेथील भारतीय वकिलातीमार्फत नूतनीकरण करता येते, आणि अर्जासोबत वैद्यकीय दाखला वा व्हिसा जोडण्याचीही गरज उरलेली नाही. ऑगस्ट २०२२मध्ये साऱ्या देशासाठी पुस्तिकेचा एकच नमुना ठरविण्यात आला; तोपर्यंत राज्याराज्यांत तिचा आकार, रंग, कागद निरनिराळा असे आणि परक्या मुलखातील पोलिसाला ती खरी की खोटी हे कळणे कठीण जाई. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. पण त्या सर्व कागदाच्या सुधारणा होत. कागदामागच्या हाताला स्टिअरिंग कितपत वश आहे, याच्याशी त्यांचा संबंध नाही.

शिवाय ती पुस्तिका कोठे चालते आणि कोठे नाही, हे देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही. ब्रिटनमध्ये पर्यटकाला आपल्या भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत मोटार चालविता येते. जपान जिनिव्हा करारान्वये दिलेली पुस्तिका मानतो, म्हणून तेथे आपली पुस्तिका चालते. उलट जर्मन पर्यटकाला जपानमध्ये आपल्या परवान्याचे अधिकृत जपानी भाषांतर दाखवावे लागते, कारण जर्मनी त्या करारात नाही. चीनच्या मुख्य भूमीवर ही पुस्तिका निरुपयोगी आहे. तेथे तात्पुरता चिनी परवाना काढावा लागतो. आणि आपले तरुण ज्या व्हिएतनामला झुंडीने जाऊ लागले आहेत, तो देश १९६८च्या व्हिएन्ना करारान्वये दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना मानतो, १९४९चा नव्हे. म्हणजे हजार रुपये देऊन आणलेली पुस्तिका हनोईच्या पोलिसाच्या लेखी कोरा कागद ठरते. स्कूटर देणारा दुकानदार हे सांगत नाही. कसा सांगेल? त्याला स्कूटर भाड्याने द्यावयाची असते. आपल्या किनाऱ्यावरचा दुकानदार तरी कोठे सांगतो?

पर्यटक आणि रहिवासी यांतील भेदही आपल्या लोकांनी ओळखला पाहिजे, कारण गोव्याइतकी परदेशस्थ कुटुंबे फार थोड्या प्रदेशांत असतील. संयुक्त अरब अमिरातीत भेटीसाठी गेलेला मनुष्य भारतीय परवाना आणि ही पुस्तिका यांच्या आधारे मोटार चालवू शकतो. पण तोच मनुष्य नोकरीस लागून तेथील रहिवासी झाला की त्या पुस्तिकेचा आधार संपतो आणि त्याला तेथील शिकवणी व चाचणी यांतून जावे लागते. पोर्तुगीज पारपत्रावर स्विंडनला जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांना बारा महिन्यांनंतर ब्रिटिश परीक्षा, लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही, द्याव्याच लागतात. म्हापशात वीस वर्षे मोटार चालविलेले गृहस्थ त्या प्रत्यक्ष परीक्षेत पहिल्या खेपेस नापास झाल्याच्या कथा आपण हसत हसत ऐकतो. हसण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा. वीस वर्षांत त्यांना कोणी चूक दाखविली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

रस्त्याची बाजू बदलली म्हणजे काय होते, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. युरोपात भाड्याची मोटार घेतलेला भारतीय चालक पहिल्या वळणावर दिशादर्शक दिवा लावण्याच्या बेताने दांडा ओढतो आणि काच पुसणारी पाती फिरू लागतात. यात हसू येण्यापलीकडे नुकसान नाही. पण फ्रान्स व जर्मनीत जेथे पाटी नसेल अशा चौकात उजवीकडून येणाऱ्यास आधी जाऊ द्यावयाचे असते, हे ठाऊक नसेल तर नुकसान मोठे आहे. अमेरिकेत शाळेची बस लाल दिवे लुकलुकवीत उभी राहिली की मागच्या मोटारींनी थांबावयाचे, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीदेखील. हा नियम आपल्याकडील एकाही चाचणीत येत नाही. फ्लोरेन्स, पिसा अशा इटालियन शहरांच्या जुन्या भागांत बाहेरच्या मोटारींना बंदी असते. पाटी इटालियन भाषेत, पहारा कॅमेऱ्याचा, आणि दंडाची नोटीस मनुष्य घरी परतल्यावर काही महिन्यांनी येते. मोटार देणारी कंपनी आपले हाताळणी शुल्क तत्पूर्वीच वसूल करून मोकळी होते.

येथे थोडे विषयांतर करून एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. परंतु गोव्यात मात्र डावी बाजूच कायम ठेवण्यात आली, कारण सरहद्दीपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानात वाहने डावीकडून जात. मोझांबिक आणि मकाव येथेही तसेच झाले. ज्या राजवटीने इतर अनेक बाबतींत लिस्बनचे फर्मान येथे अक्षरशः लादले, तिनेही रस्त्याच्या बाबतीत शेजाऱ्याचा रिवाज पाहिला.

आता दुसऱ्या अटीकडे, म्हणजे वाहनाच्या वर्गाकडे वळू. आमच्या मते गोव्याच्या दृष्टीने खरे मर्म येथेच आहे. जिनिव्हा कराराच्या नमुन्यात मोटारसायकलींचा वर्ग निराळा, मोटारींचा निराळा. युरोपातून येणाऱ्या बहुसंख्य पाहुण्यांपाशी मोटारीचा परवाना असतो. त्यांच्यापैकी अनेकांच्या देशांत त्या परवान्यावर फार तर ५० सीसीची छोटी दुचाकी चालविता येते. मोठ्या दुचाकीसाठी स्वतंत्र शिकवणी आणि स्वतंत्र परीक्षा असते, आणि ती काही सोपी नसते. आपल्याकडे भाड्याने मिळणारी साधी स्कूटर ११० सीसीची असते आणि बुलेट ३५० सीसीची. आपल्या घरी ज्या मनुष्याला ही दोन्ही वाहने हाती धरण्याची मुभा नाही, तो गोव्यात उतरल्यापासून दोन तासांत त्यावर स्वार होऊन हणजूणच्या अरुंद रस्त्यांवर, गुरे, कुत्री, मासळीवाल्या आणि शाळा सुटलेली मुले यांच्यामधून वाट काढू लागतो. त्याला येथे आणणारा कोणताही करार तशी परवानगी देत नाही. ती परवानगी देतो तो आमचा निष्काळजीपणा.

अशा चालकाने एखाद्याला ठोकरले म्हणजे काय होते? मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५ प्रमाणे परवाना नसलेल्या व्यक्तीस वाहन चालवू देणे हा मालकाचा अपराध आहे, आणि कलम १८० अन्वये त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड वा दोन्ही होऊ शकतात. ही झाली शिक्षेची बाब. नुकसानभरपाईची बाब याहून गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात घालून दिलेल्या दंडकानुसार, परवाना योग्य नसला तरी जखमी झालेल्या त्रयस्थ व्यक्तीस विमा कंपनीने भरपाई द्यावी, आणि वाहनमालकाने याबाबत हयगय केली असे कंपनीने सिद्ध केले तर तिने ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग आहे. रस्त्यावरच्या गरिबाच्या दृष्टीने हा न्याय योग्यच म्हटला पाहिजे. पण त्या वसुलीचा बोजा कोणावर येतो? ठोकर देणारा पाहुणा आपल्या देशी परतलेला असतो. उरतो तो मांद्र्याचा किंवा कळंगुटचा, कर्ज काढून चार-पाच स्कूटरी घेतलेला, पावसाळ्यात रिकामा बसणारा मालक. जखमीच्या इस्पितळाचा खर्च, गमावलेली मजुरी, आणि मृत्यू ओढवला असेल तर कुटुंबाची भरपाई, ही रक्कम त्याच्या साऱ्या स्कूटरींच्या किमतीहून अनेकपटींनी जास्त असू शकते. दिवसाच्या चारपाचशे रुपयांच्या भाड्यासाठी आपण घरदार पणाला लावीत आहोत, याची त्याला कल्पनाही नसते.

ज्या मालकापाशी रेंट अ मोटारसायकल योजनेचा रीतसर परवाना आहे आणि ज्याच्या गाडीवर काळ्या पाटीवर पिवळे अंक आहेत, त्याची ही स्थिती. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर चोरून भाड्याने देणाऱ्याची कथा वेगळीच. त्याचा विमा मुळी खासगी वापराचा. भाड्याने दिलेले वाहन म्हणून त्याचा अपघात झाला की विमा कंपनी तेवढ्याच मुद्द्यावर हात वर करण्याचा प्रयत्न करणार, आणि तो वाद जखमी मनुष्याने न्यायासनापुढे वर्षानुवर्षे लढवावयाचा. रीतसर व्यवसाय करणारे मालक या चोरट्या स्पर्धेविरुद्ध वारंवार ओरड करीत आले आहेत; त्यांच्या ओरडीत धंद्याचा स्वार्थ आहे म्हणून ती खोटी ठरत नाही.

पाहुण्याचीही यात दैना होते, हे विसरता कामा नये. स्कूटर चालविणारा भाडेकरू हा त्रयस्थ पक्षाच्या विम्याच्या दृष्टीने त्रयस्थ नव्हे. त्याने स्वतःचा पाय मोडून घेतला तर स्कूटरच्या त्या विम्यातून त्याला कवडी मिळत नाही. तो आपल्या देशातून प्रवासविमा काढून आला असेल, तर त्या विम्याच्या अटींत योग्य परवान्याविना दुचाकी चालविल्यास संरक्षण नाही असे वाक्य बहुधा असतेच. बांबोळीच्या इस्पितळात पाय टांगून पडलेला परदेशी तरुण जेव्हा मायदेशी दूरध्वनी करतो, तेव्हा हे वाक्य त्याला प्रथमच वाचून दाखविले जाते. फुकेतच्या इस्पितळात आपला तरुण असतो, एवढाच फरक.

यावर ठरावीक उत्तर असे की, फार काटेकोर झालो तर पर्यटक येणार नाहीत. हा युक्तिवाद आम्हांला मुळीच मान्य नाही. जपान काटेकोर आहे. तेथे जाण्यासाठी जग रांग लावून उभे आहे. पर्यटक कंटाळतो तो नियमाला नव्हे, लहरीला. एका नाक्यावर सोडले आणि दुसऱ्यावर अडविले, भाड्याच्या पाटीची गाडी दिसली म्हणून थांबविले, पावतीविना पैसे मागितले, या तक्रारी पाहुणे करतात आणि त्यांत तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आपले पोलीस परवान्याच्या वर्गाविषयी विचारीत नाहीत याचेही एक कारण आहे. रशियन वा हिब्रू लिपीतील परवाना हाती आला तर त्यातून काय वाचावयाचे, हे त्यांना कोणी शिकविलेलेच नाही. वास्तविक २०२२च्या सुधारणेत निरनिराळ्या करारांतील वाहनवर्ग आणि आपल्या नियमांतील वर्ग यांची तुलना घालून दिलेली आहे. तिचा एक पानाचा मराठी, कोंकणी व इंग्रजी तक्ता करून प्रत्येक वाहतूक पोलिसाच्या खिशात आणि प्रत्येक स्कूटर भाड्याने देणाऱ्याच्या टेबलावर ठेवण्यास फारसा खर्च येऊ नये. देशी पर्यटक बेदरकारपणे मोटारी हाकतात, मग परदेशी पाहुण्यांच्याच मागे का लागता, असेही कोणी विचारील. देशी पर्यटकाच्या बेदरकारपणावर आम्ही यापूर्वी लिहिले आहे, पुढेही लिहू. त्याच्या परवान्याचा वर्ग निदान येथील पोलिसाला वाचता येतो.

भाडेपट्टीच्या पावतीवर परवान्याचा क्रमांक, देश, वाहनवर्ग आणि मुदत या चार रकाने सक्तीने भरण्याचा नियम वाहतूक खात्याने करावा, आणि दुचाकीचा वर्ग नसेल तर गाडी देऊ नये. ज्या पाहुण्याला दुचाकीचा परवाना नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे मोटारसायकल पायलट आहेत, रिक्षा आहेत, बसगाड्या आहेत. पायलटांचा धंदा तर या भाड्याच्या स्कूटरींनीच बुडविला. दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवर सामान घेण्याच्या जागी याच आशयाचे फलक रशियन, हिब्रू, जर्मन आणि इंग्रजी भाषांत लावावेत. आणि आपल्या माणसाला आंतरराष्ट्रीय पुस्तिका देताना, ती कोणत्या देशांत चालते, कोठे चालत नाही आणि त्याच्या मूळ परवान्यात दुचाकीचा वर्ग आहे की नाही, हे सांगणारा एक कागद तिच्यासोबत द्यावा.

पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. रेंट अ बाईकवाल्यांच्या गाड्या त्याआधी पावसाळ्याची ताडपत्री काढून दुरुस्तीला जातात, पाट्या पुन्हा रंगविल्या जातात. वाहतूक खात्याचे परिपत्रक निघावयाचे असेल तर ते त्याच सुमारास निघाले पाहिजे. डिसेंबरात निघालेल्या परिपत्रकाचा, नेहमीप्रमाणे, मार्चपर्यंत अभ्यास चालू राहील आणि तोवर पाहुणे घरी गेलेले असतील.